कुलवृत्तान्ताची फेरफार-वही

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात शिरोडा येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आज आमच्याकडे सोपविलेला विषय संगणकाचा आहे. सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेल्या मॅट्रिक शिक्षकाने या विषयावर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. तथापि हा विषय वरवर यंत्राचा दिसला तरी मुळात तो नोंदीचा आहे. आणि नोंद कशी ठेवावी हे शाळामास्तरास ठाऊक नसेल तर कोणास असावे? आपल्या कुलवृत्तान्ताची संहिता गेल्या वर्षापासून मुंबईतील एका भाड्याच्या संगणकावर, प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, ठेवली जात आहे. हे काम का हाती घ्यावे लागले, ते कसे सिद्धीस गेले आणि पुढे त्याची राखण कोणी करावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही यथामति देणार आहोत.

कोकणातील अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात आपापले कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. छापील ग्रंथात चुका राहत. पण त्या सर्व प्रतींत सारख्याच असत, आणि शुद्धिपत्रही सर्वांस एकच मिळे. आपला कुलवृत्तान्त मात्र छापखान्यात जाण्यापूर्वीच संगणकावरील फाइल झाला आणि ई-मेलने, पुढे व्हॉट्सॲपने, मुंबई, पुणे, बेळगाव, पणजी असा फिरू लागला. जेथे तो गेला तेथे सद्हेतूने त्यात सुधारणा झाल्या. एका प्रतीस ‘अंतिम’ असे नाव होते, दुसरीस ‘अंतिम सुधारित’, तिसरीस ‘हीच अंतिम’. समितीने गोळा केल्या तेव्हा सात प्रती निघाल्या आणि त्यांतील कोणत्याही दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या.

इतक्यावर निभावले असते तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न ठरला असता. परंतु दोन वर्षांपूर्वी एका भगिनीचे पत्र समितीकडे आले. तिच्या माहेरच्या वंशावळीत पूर्वी तिचे, तिच्या यजमानांचे व दोन मुलांचे नाव होते. नव्या प्रतीत त्या जागी काहीच नव्हते. ओळ रिकामीही ठेवलेली नव्हती. वरची ओळ खालच्या ओळीस जोडून घेतली होती, जणू तेथे कोणी कधी नव्हतेच. तिने ज्ञातीबाहेर विवाह केला होता, एवढीच काय ती गोष्ट. पत्रात राग नव्हता. तिने एकच विचारले होते: माझे नाव कोणी काढले व कोणत्या कारणाने, एवढे तरी मला कळेल काय?

समितीने चौकशी केली. ज्यांच्या ज्यांच्या हातून प्रती गेल्या होत्या त्या प्रत्येकाने ‘आम्ही नव्हे’ असे सांगितले. आणि कदाचित बहुतेक जण खरेच बोलत असतील. ज्या वहीत कोणाचाच हात उमटत नाही तिच्यात निर्दोष मनुष्याससुद्धा आपला निर्दोषपणा सिद्ध करता येत नाही. त्या भगिनीच्या प्रश्नास उत्तर देणे समितीस शक्य झाले नाही. ज्ञातीबाहेरील विवाहाविषयी या सभेत भिन्न मते असतील. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. परंतु ज्यास एखादे नाव काढावेसे वाटते त्याने ते स्वतःच्या सहीने व कारण लिहून काढावे, याविषयी दोन मते असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. प्रस्तुत सर्व खटाटोपाचे मूळ येथे आहे.

नोंदीची ही शिस्त आपणांस परकी नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात चुकीचा शब्द ब्लेडने खरवडण्याची किंवा रबराने पुसण्याची मुभा नसते. तांबड्या शाईची एकच रेघ मारून, खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवून, शेजारी मुख्याध्यापकाची सही घ्यावी लागते. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार-नोंदवही, तर आपणांपैकी प्रत्येक जमीनधारकाच्या परिचयाची आहे. सातबाऱ्यावर नाव चढते वा उतरते ते या वहीतील क्रमांकाच्या आधारे. जुने नाव नाहीसे करीत नाहीत. त्यास कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून नोंद पक्की होत नाही. आज सातबारा संगणकावर आला, १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीनिशी मिळू लागला. पण फेरफाराचे तत्त्व तेच राहिले.

ग्रंथांच्या बाबतीतही आपल्याकडे हाच विचार झाला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत नकलकारांच्या हातून तिच्यात नाना पाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांनी तिचे शुद्धीकरण केले आणि या पाठात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद अखेरीस दिली. त्यापुढचे पाऊल पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने टाकले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पूर्णतेस गेले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रधान संपादक होते. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी उपयोगात आली. या आवृत्तीची आम्हांस वाटणारी थोरवी अशी की, संपादकांनी जे श्लोक मूळ संहितेतून वगळले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत ते आढळतात याच्या निर्देशासह, छापून ठेवले. उद्याच्या अभ्यासकास त्यांचा निर्णय पारखून घेण्याची सोय त्यांनी स्वतःच करून दिली.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. कारण एकाच कार्यक्रमाचा मजकूर अनेक जण एकाच वेळी बदलीत असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ साली मार्क रॉकाइंड यांनी आवृत्त्यांची नोंद ठेवणारे पहिल्या पिढीतील साधन तयार केले. आज सर्वत्र रूढ असलेले साधन ‘गिट’ या नावाचे आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली निर्माण करणारे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे. लिनक्सचे लेखक तोवर एका कंपनीचे ‘बिटकीपर’ नावाचे साधन विनामूल्य वापरीत होते. त्या वर्षी ती सवलत बंद झाली, आणि जगभरच्या कार्यकर्त्यांचे काम अडण्याची वेळ आली. तेव्हा टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन रचले, आणि काही आठवड्यांतच लिनक्सचे काम त्यावर चालू लागले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार केव्हा उचलावा लागेल याचा नेम नसतो.

गिटमध्ये प्रत्येक बदल ही एक स्वतंत्र नोंद असते. तीत काय बदलले, कोणी बदलले, केव्हा बदलले आणि का बदलले, या चार गोष्टी येतात. या सर्व मजकुरावरून संगणक गणिताने चाळीस अक्षरांची एक खूण काढतो. या खुणेच्या हिशेबात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत कोणी एका वेलांटीचाही फरक केला, तर तिची खूण बदलते आणि तिच्यामागून आलेल्या सर्व नोंदींच्या खुणा बदलतात. मधले पान गुपचूप फाडता येत नाही. फाडले तर पुढची सारी वही साक्ष देते. प्रत्येक ओळ शेवटी कोणाच्या हातची आहे हे दाखविणारी एक आज्ञाही गिटमध्ये आहे. तिचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोषारोप. नाव जरा कठोर आहे. शिक्षकाने ते ‘हस्ताक्षर-परीक्षा’ असे ठेवले असते.

आता यंत्राकडे वळू. ‘क्लाऊड’ हा शब्द ऐकून कोणी आकाशाकडे पाहू नये. मोठ्या कंपन्या शहरांत हजारो संगणकांच्या इमारती उभारतात आणि त्यांतील लहानसा वाटा मासिक भाड्याने देतात. शेत खंडाने घ्यावे तसा हा व्यवहार. अशा इमारती २०१५–१६ पासून मुंबई–पुणे भागातही उपलब्ध झाल्या आहेत. आपल्या कामासाठी एक गिगाबाइट स्मृतीचा, लिनक्सवर चालणारा, सर्वांत लहान संगणक पुरेसा ठरला. त्याचे भाडे महिन्यास काही शे रुपये आहे.

आयत्या सेवा विनामूल्य मिळत असता हा खर्च कशाला, असे काही सभासदांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. गिटहबसारख्या सेवा उत्तम आहेत आणि लहान मंडळांनी त्यांचा अवश्य लाभ घ्यावा. परंतु तेथील नियम त्यांचे असतात. २०१९ साली अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया इत्यादी ठिकाणच्या निरपराध वापरकर्त्यांची खाती मर्यादित झाली होती. भाड्याचे यंत्रही अखेर दुसऱ्याचेच, हे आम्ही नाकारीत नाही. फरक इतकाच की त्यावरील नियम आपण ठरवितो, आणि मालकाशी न पटल्यास सारे बिऱ्हाड दुसऱ्या यंत्रावर एका दिवसात हलवू शकतो.

मांडणी अशी केली. इंटरनेटवर नवा संगणक उभा राहिला की जगाच्या पाठीवरून अनोळखी यंत्रे त्याचे दार ठोठावू लागतात व सोपे सांकेतिक शब्द घालून पाहतात. म्हणून सांकेतिक शब्दाने प्रवेश सर्वस्वी बंद केला. त्याऐवजी प्रत्येक संपादकाने किल्ल्यांची जोडी तयार केली: एक खासगी, जी त्याच्या संगणकाबाहेर कधी जात नाही, दुसरी उघड, जी सर्व्हरवर नोंदविली जाते. या दोहोंची गाठ जुळली तरच दार उघडते. सर्व्हरला असलेल्या अनेक दारांपैकी एसएसएचचे एवढे एकच दार उघडे ठेवले. त्यानंतर ‘गिट’ नावाचा एक वापरकर्ता निर्माण केला आणि त्यास ‘गिट-शेल’ नेमून दिले. म्हणजे त्या नावाने आत येणारा कोणीही गिटच्या कामापलीकडे यंत्रात ढवळाढवळ करू शकत नाही. मग ‘गिट इनिट --बेअर’ या आज्ञेने कोठार तयार केले. बेअर म्हणजे जेथे बसून कोणी लिहीत नाही, केवळ नोंदी जमा होतात असे कोठार. लिहावयाचे ते ज्याने त्याने आपल्या घरी.

येथे आपल्या हेतूस सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. आम्ही मघाशी सांगितले की पान फाडले तर वही साक्ष देते. परंतु गिट हे मूळचे लेखकाच्या सोयीचे साधन असल्यामुळे, बदललेला इतिहास बळाने वर पाठवून जुन्याच्या जागी बसविण्याची आज्ञाही त्यात आहे. म्हणून सर्व्हरवर दोन निर्बंध घातले: जुन्या इतिहासाशी न जुळणारी वही स्वीकारू नये, आणि कोणतीही शाखा पुसण्याची आज्ञा मानू नये. दुसरी मेख अशी की, गिटमध्ये लेखकाचे नाव लेखक स्वतःच सांगतो; अमक्याने तमक्याचे नाव घातले तर गिट आपण होऊन हटकीत नाही. यावर उपाय म्हणजे किल्लीने केलेली सही. २०२१ पासून एसएसएचच्या किल्लीनेच गिटच्या नोंदीवर सही करता येते. सही नसलेली नोंद आली तर आपला सर्व्हर ती परत पाठवितो. या दोन गोष्टी केल्या नसत्या, तर सारे यंत्र उभारूनही त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आपणांस मिळाले नसते.

मजकुराची तयारी हे काम यंत्रापेक्षा अधिक वेळ खाणारे ठरले. गिट ओळींची तुलना करतो; वर्डची वा पीडीएफची फाइल त्यास बंद पेटीसारखी असते. म्हणून प्रत्येक घराण्याची एक साधी मजकूर-फाइल केली व प्रत्येक व्यक्तीस एक ओळ दिली. जुना मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टांत होता; तो युनिकोडमध्ये आणल्यावाचून इलाज नव्हता. त्यातही मराठीची एक खाच आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ऱ्ह संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यास दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रास ते दोन शब्द वाटतात. सर्वत्र एकच रीत लावल्यानंतरच खरे फरक कोणते हे कळू लागले.

त्यानंतर सात प्रती सात शाखा म्हणून कोठारात घातल्या. वंशावळीसही शाखा असतात आणि गिटमध्येही. तरुणांनी या योगायोगाची मौज घ्यावी. जेथे दोन शाखांत एकाच ओळीचे दोन पाठ निघाले तेथे गिटने निर्णय दिला नाही. दोन्ही पाठ एकाखाली एक मांडून ते थांबले. तेथे माणसांनी बसावे, जन्ममृत्यूचे दाखले काढावेत, वृद्धांस विचारावे आणि मग ठरवावे, अशीच त्याची रचना आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज व नेट यांचा भरवसा नसतो हे सर्वांस विदित आहे. गिटमध्ये संपूर्ण वही प्रत्येकाच्या घरच्या संगणकावर असते. आषाढात चार दिवस नेट नसले तरी बॅटरीवर नोंदी करता येतात आणि रेंज आली की त्या वर जातात.

या जुळवाजुळवीत त्या भगिनीचे नाव कोणत्या प्रतीपर्यंत होते व कोणत्या प्रतीत नाहीसे झाले, हे सापडले. काढणारा हात सापडला नाही. कारण त्या काळी वही नव्हती. समितीने सहीनिशी नोंद करून चारही नावे पुन्हा घातली. नोंदीचे कारण असे लिहिले आहे: पूर्वीच्या प्रतीत नावे होती; काढल्याचे कारण कोठेही नोंदलेले नाही. त्या नोंदीची खूण तिला पत्राने कळविली आहे.

यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करू नये. उद्या बहुमताने एखादे नाव काढावयाचे ठरले, तर यंत्र अडविणार नाही. ते न्याय देत नाही, साक्ष देते. परंतु ज्या कृत्याखाली आपले नाव कायमचे राहणार आहे ते करण्यापूर्वी मनुष्य क्षणभर थांबतो, हा आमचा वर्गातील अनुभव आहे. न विसरणाऱ्या वहीत काय लिहावे याचाही विवेक हवा. जिवंत व्यक्तींचे दूरध्वनी, पत्ते व पूर्ण जन्मतारखा तीत घालावयाच्या नाहीत असे समितीने ठरविले आहे. एकदा उतरलेली नोंद मागे घेणे अवघड असते. आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे.

शेवटी राखणीविषयी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत, रात्री थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि मुख्य माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतींच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. प्रसंगी त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरल्या. दैवयोगाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत मिळाली. त्यानंतरची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने सारी हकीगत लपवून न ठेवता जगजाहीर केली, हे तिला भूषणावह होय. आपण त्यातून एवढे घ्यावे की, जी राखीव प्रत उघडून पाहिलेली नाही ती आहे असे समजू नये.

म्हणून मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत. यंत्राचे खाते कोणा एका हुशार तरुणाच्या नावे नसावे. ते मंडळाच्या ई-मेलवर असावे व त्याच्या किल्ल्या तीन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात. भाडे ज्या कार्डातून जाते त्याची मुदत खजिनदाराने वहीत लिहून ठेवावी. भाडे थकले तर कंपनी प्रथम यंत्र बंद करते आणि काही काळाने मजकूरही काढून टाकते. दर महिन्यास संपूर्ण कोठाराची प्रत शिरोडा, मुंबई व बेळगाव येथे स्वतंत्र डिस्कवर उतरवावी. आणि वर्षातून एकदा, याच संमेलनाच्या आधी, त्यांतील एका प्रतीवरून कोऱ्या यंत्रावर सारे पुन्हा उभे करून दाखवावे.

१९३० साली याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. तो इतिहास फार मोठा आहे आणि आमचे काम त्यापुढे चिमूटभर आहे. पण आपले मीठ आपल्या हाती असावे, हे येथील मातीने जगास सांगितले आहे. आपल्या पूर्वजांची व लेकीबाळींची नावेही आपल्या हाती असावीत, आणि त्या हातांची सही त्यांखाली असावी. ज्या घराण्यांची माहिती यावयाची आहे त्यांनी ती लवकर पाठवावी. लेकींची नावे, त्या कोणत्याही घरी गेलेल्या असोत, गाळू नयेत. संगणक जाणणाऱ्या तरुणांनी दोन दोन वडीलधाऱ्यांस नोंद करण्यास शिकवावे. आमच्या वयाचे विद्यार्थी हळू शिकतात, परंतु शिकलेले गिरवून काढतात.